उम्म लोजमधली पावलं

९ डिसेंबर १९९४, शुक्रवार

"उम्म लोजच्या बागवाल्यांनो! मागच्या जानेवारीत कचेरीची चार माणसं आपल्या खोऱ्यात आली, दोन तास हिंडली आणि कागदावर एकच शब्द लिहून गेली. निर्जन! तुमच्या पणज्यांनी दगडावर दगड ठेवून रचलेले गडगे त्यांना दिसले नाहीत. खडकात खोदलेली टाकी दिसली नाहीत. तेवीस बागा दिसल्या नाहीत! का? तर थंडीत आपण खाली उतरतो म्हणून. अहो, थंडीत पाखरंही उतरतात. म्हणून घरटं बेवारस होतं काय? ते पथक खोटारडं आहे. पुन्हा सांगतो, खोटारडं आहे!"

दुपारच्या नमाजानंतर बैठकीत हे बोललो. बोलताना सुचलेलं दुसऱ्या दिवशी टिकत नाही म्हणून इथे उतरवून ठेवतो. म्हातारा अबू गनीम दोनदा डोळे पुसताना दिसला.

परिस्थिती वाईट आहे. 'निर्जन' हा शब्द कायम झाला तर खोरं सरकारी राखीव होईल, त्याच्या तोंडाशी फाटक बसेल आणि आत जायला परवाना लागेल. जिथे माणूसच राहत नाही तिथे बाग कुणाची, आणि परवाना तरी कुणाला? हरकत घ्यायची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे, तीही पुराव्यासकट.

फोटोंची कल्पना माझी. एक दिवस सगळे पुरुष वर जाऊ, प्रत्येकाचा त्याच्या बागेत फोटो काढू. स्वेलम लगेच म्हणाला, "उस्ताद, तुमचं भाषण ऐकून माझ्या शेळ्यासुद्धा अर्जावर अंगठा द्यायला तयार झाल्यात. पिकअप माझी. पण त्या थंडीत फोटोवाला वर येईल का?" स्वेलम माझा चुलत भाऊ. तरुणपणी पोलीस त्याला माग काढायला न्यायचे. आमच्यात विभागणी आहे, मी पुस्तकं वाचतो, तो पावलं वाचतो.

घरी सबीहाने चहा दिला. माझी थोरली बहीण. तिचा नवरा गेल्यापासून माझ्याकडे असते, आणि माझी बायको गेल्यापासून घर तीच सांभाळते.

"चुलीपर्यंत ऐकू येत होतं," ती म्हणाली. "खोटारडे, खोटारडे."

"आहेतच."

"त्यातल्या लाल टोपीवाल्याला फार खोकला झाला होता, बिचाऱ्याला."

कुठून काय ऐकून येतात या बायका! मी म्हटलं, चहात हबकची पानं जास्त झालीत.

१२ डिसेंबर, सोमवार

तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकून तरुण, सभ्य आणि थकलेला. मी पंधरा मिनिटं बोललो. त्याने मध्ये तोंड उघडलं नाही. शेवटी म्हणाला, "उस्ताद, जर्दाळूंनी लगडलेल्या झाडांचे फोटो आणू नका. तसे सगळेच आणतात. उन्हाळ्यात तुम्ही तिथे असता हे आम्हालाही मान्य आहे. पण जानेवारीत तिथे कोण असतं?"

"बाग असते!"

"बाग नव्हे. कोण?"

हा प्रश्न कसा दुष्ट आहे ते त्या पोराला कळतसुद्धा नव्हतं. मी दार आपटून बाहेर आलो. आता वाईट वाटतंय, त्याने चहा मागवला होता.

मग फोटोवाला शोधला. नसीफ, बसथांब्यामागे त्याचं दुकान. मूळचा मिन्याचा, किबती ख्रिस्ती. ओळखपत्राचे फोटो काढण्यात जन्म गेलेला. वर येशील का विचारलं तर आधी हातमोजे आहेत का ते विचारलं. सध्या त्यांचा सणाआधीचा उपास चालू आहे, मांस, दूध, तूप काही चालत नाही. एकोणीस तारीख ठरली.

मी अट घातली, एकाही फोटोत बाई दिसता कामा नये. तो हसला. "डोंगरात काढायचे ना? तिथे बाई कुठून येणार?"

१४ डिसेंबर, बुधवार

सबीहा सोमवारी पहाटे 'वर जाते' म्हणून शेळ्या घेऊन गेली होती, आज दुपारी परतली. झग्याचा घेर गुडघ्यापर्यंत भिजलेला, बोटांना भेगा. मागे ती विहिरीच्या दगडावरून पडली तेव्हापासून डावा पाय ओढते, आज जास्तच ओढत होती. घरामागच्या टेकाडावर चारा संपला असावा, म्हणून लांब जावं लागत असेल. म्हटलं, या वयात शेळ्या विकून टाक. तिने भाकरीबरोबर सुकवलेल्या बिहीच्या फोडी वाढल्या. या दिवसांत हिला बिही कुठे मिळते?

रात्री म्हणाली, "सोमवारी मी येते तुमच्याबरोबर."

"कॅमेरा आहे."

"मला ठाऊक आहे."

"मग प्रश्नच येत नाही."

"आईची बाग आहे ती, इतैवी."

"म्हणून तर मी चाललोय!"

इथे लिहून ठेवतो, कारण हा नियम मी उगीच केलेला नाही. बारा वर्षांपूर्वी कुणा पाहुण्याने विहिरीवर पाणी भरणाऱ्या आमच्या एका मुलीचा फोटो काढला आणि पुढच्या वर्षी तो किनाऱ्यावरच्या दुकानात पोस्टकार्डावर छापून विकायला आला. तिचा बाप सहा महिने बैठकीत आला नाही. तेव्हा मी उठलो. माझं आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण ते. कॅमेरा दिसला की बाईने आडोशाला जायचं आणि पुरुषाने समोर उभं राहायचं. प्रत्येक घरच्या कर्त्याने माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला. बारा वर्षांत एकदाही मोडला नाही. आमच्याकडे दिलेला शब्द मोडत नाहीत. ज्याने घेतला त्यानेच तेवढ्याच लोकांसमोर परत केला तर गोष्ट वेगळी. मी परत करणाऱ्यांतला नव्हे.

माझ्याच घरापासून सुरुवात केली होती. भिंतीवरचा बागेतला फोटो, मी आणि थोरला चुलता बदामाखाली. उजवीकडची पट्टी मी स्वतः कातरली.

१७ डिसेंबर, शनिवार

वर गेल्या आठवड्यातला बर्फ अजून टिकून आहे. इथून शेंडे पांढरे दिसतात. गुडघे दुखतात. खरं सांगायचं तर हिवाळ्यात उम्म लोजला गेल्याला मला एकोणीस वर्षं झाली. शाळेची नोकरी होती, मग गुडघे होते. कारकुनाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. तिथे जाऊन आम्ही कशाचा फोटो काढणार? वाळल्या काटक्यांचा?

सबीहाने बूट तेल लावून ठेवले आहेत. माझे.

१९ डिसेंबर, सोमवार

बोटं अजून आखडलेली आहेत, तरी आजच लिहितो.

उजेड व्हायच्या आत निघालो. पुढे स्वेलम, नसीफ आणि मी, मागे चौदा पुरुष आणि एक गाढव. नसीफने दोन कोट घातले होते आणि वर बायकोची शाल गुंडाळली होती. स्वेलमने त्याला गरम भाकरीवर शेळीचं तूप घालून दिलं.

"उपास आहे."

"देवाला इतक्या उंचावरून दिसत नाही."

"उंचावरूनच दिसतं रे, बाबा."

"मग बागाही दिसत असतील. साक्षीला त्यालाच बोलवू या," स्वेलम म्हणाला आणि तूप स्वतः खाल्लं.

गाडी खोऱ्याच्या तोंडापर्यंत जाते. तिथे जुनी बाभूळ आहे. एका फांदीला लोकरीची थैली टांगलेली होती, काळी-तांबडी, आमच्या बायका विणतात तशी. नसीफने हात पुढे केला.

"हात लावू नको," स्वेलम म्हणाला.

"आत काय आहे?"

"आत मालकाचं आहे."

"आणि मालक कुठे आहे?"

"येईल तेव्हा येईल. दहा वर्षांनी आला तरी तशीच असेल."

नसीफला हे फार आवडलं. त्याने थैलीचे दोन फोटो काढले. म्हणाला, आमच्याकडे टांगलेलं सोडा, झाडसुद्धा जागेवर टिकत नाही. मी त्याला घाई केली. थैलीचे फोटो घेऊन काय करायचंय?

पुढे दोन तास चढ. दगड इतके गार की हातमोज्यातून चावत होते. वारा नव्हता. लाल डोंगर, त्याच्या खाचांत बर्फाच्या पांढऱ्या रेघा, आणि वर आभाळ इतकं निळं की नसीफ थांबून थांबून मान वर करत होता. "बत्तीस वर्षं मी पांढऱ्या पडद्यासमोर माणसं बसवली," तो म्हणाला. "कोणी मला सांगितलं नाही."

बागेपाशी पोचलो आणि माझं मन खचलं. सगळं करडं. बदाम, बिही, जर्दाळू, सगळ्यांचे नुसते सांगाडे. ही झाडं मी अशी कधी पाहिली नव्हती असं वाटलं. पाहिली असतील. लहानपणी आई पुढे चालायची एवढं आठवतं.

मग माझ्या लक्षात गोष्टी यायला लागल्या.

गडग्याला नवा दगड होता. मागच्या भिंतीचं खिंडार बुजवलेलं, वर काटेरी फांद्या दाबून ठेवलेल्या. बदामाच्या फांद्या छाटलेल्या, करवतीचे काप पांढरे, ताजे. पाट साफ. टाक्यावरचा बर्फ कडेने फोडून ढीग करून ठेवलेला. झोपडीत राख, आणि राखेत हात घातला तर खाली ऊब नव्हती पण ओलही नव्हती. चार-पाच दिवसांपूर्वीची.

कुणीतरी इथे राहतंय! माझ्या आईच्या बागेत परका माणूस!

"स्वेलम!" मी ओरडलो. डोंगराने ते तीनदा परत ओरडलं.

टाक्याच्या सावलीत बर्फ टिकून होता आणि त्यात पावलं होती. स्वेलम उकिडवा बसला. बराच वेळ बसला. पाऊल लहान होतं, चपलेची शिवण मोजता येईल इतकं स्पष्ट, आणि दर पावलाला डाव्या टाचेची लांब रेघ.

"कुणाचं?"

"बर्फात नीट उमटत नाही, उस्ताद."

"अरे शिवण दिसतेय!"

"माझे डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. नसीफ कॅमेरा घेऊन आला तसा स्वेलम आधी आडवा आला, हात पसरून, जणू पावलांना थंडी वाजत होती. मग काय वाटलं कोण जाणे, बाजूला सरला. "काढ," म्हणाला. "पण पाऊल फक्त."

बिचारा म्हातारा झाला. ज्याने एकेकाळी वाळूवरून उंटीण गाभण आहे की नाही ते सांगितलं होतं! मी तर्क केला, चोर जखमी असावा, डाव्या पायाने अधू, बुटका. मी सगळ्यांना तसं सांगितलं. अबू गनीमचा थोरला मुलगा आपल्या बागेच्या भिंतीशी वाकून जमिनीकडे बघत होता, मी जाताच ताठ उभा राहिला.

मग फोटो झाले. प्रत्येक जण आपल्या झाडाखाली. नसीफ सवयीने ओरडत होता, "हनुवटी वर! श्वास रोखा! डोळे उघडे!" मी टाक्याच्या काठावर उभा राहून हात उंचावला, बोलताना उंचावतो तसा.

उन्हं डोंगरामागे गेली तशी थंडी धावून आली. उतरताना कुणी गायलं नाही.

२० डिसेंबर, मंगळवार

सबीहाला सांगितलं, बागेत चोर शिरलाय.

"काय चोरलं?"

"काही नाही. उलट भिंत दुरुस्त केली, झाडं छाटली."

"चांगला चोर आहे," ती म्हणाली आणि शेळ्यांकडे गेली.

बाहेरचे लोक आपल्या जागेत घुसताहेत या विषयावर महिनाअखेरच्या शुक्रवारसाठी चार पानं लिहिली. जोरदार झाली आहेत.

२४ डिसेंबर, शनिवार

नसीफ स्वतः फोटो घेऊन घरी आला. स्वेलमही होता. सतरंजीवर ओळीने मांडले.

चौदा माणसं चौदा सांगाड्यांखाली, हनुवटी वर. ओळखपत्रं. सगळ्यांचे कोट जाडजूड, बूट पुसलेले, पाठीमागे गाढवावर जेवणाचा डबा. माझा हात उंच. कुणीही सांगेल, ही माणसं सहलीला आली आहेत आणि संध्याकाळी घरी जाणार आहेत.

"माझी चूक नाही," नसीफ म्हणाला. "तुम्ही उभे तसे राहिलात."

मग त्याने खिशातून वेगळे ठेवलेले पाच काढले. छाटलेली फांदी. फोडलेला बर्फ. राख. थैली. पावलं. "हे बघा. मी काल रात्रभर हेच बघत होतो. बायको म्हणाली, वेड लागलं का, पायांचे ठसे काय बघतोस? म्हटलं, अगं, इथे कुणीतरी आहे. चौदा माणसांच्या फोटोत कुणी नाही, आणि या रिकाम्या फोटोंत कुणीतरी आहे! उस्ताद, हा तुमचा चोर तुमचा एकमेव साक्षीदार आहे. त्याला शोधा."

मी स्वेलमकडे पाहिलं. तो उठला होता, चप्पल घालत होता.

"स्वेलम, खरं सांग. तुला पाऊल ओळखता आलं होतं."

"चुलत भावा," तो म्हणाला. मला तो असं क्वचित म्हणतो. "परक्या माणसासमोर मी काही पावलांची नावं घेत नाही. तूही घेणार नाहीस. घरी विचार."

नसीफ जाताना भिंतीवरच्या फोटोपाशी थांबला. "ही कड कुणी कापली? बदामाच्या फांदीवर एक हात राहिलाय."

"राहिला असेल," मी म्हटलं.

२५ डिसेंबर, रविवार

सकाळी तो पावलांचा फोटो सबीहापुढे ठेवला. ती पीठ मळत होती. तिने हात पुसले नाहीत, नुसतं वाकून बघितलं.

"डाव्या चपलेची शिवण सुटत आलीय," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."

मी बसलो.

"किती वर्षं?"

"आई गेली तेव्हापासून. तिच्याआधी ती जायची. तिच्याआधी तिची सासू. दर पंधरा दिवसांनी, बर्फ असो नसो."

"मला का सांगितलं नाहीस?"

"दर वेळी सांगून जाते. 'वर जाते' म्हणते. तू पुस्तकातून मान हलवतोस." तिने पीठ पालथं केलं. "टाक्यावरचा बर्फ फोडला नाही तर टाकं तडकतं. डोंगरी बोकड खिंडारातून शिरून साली खातात. छाटणी थंडीतच करायची असते. तुला काय वाटलं, माझ्या आईच्या लेका, बदाम भाषणं ऐकून लागतात?"

"एकटी?"

"एकटी कशाला? अबू गनीमची बायको उम्म गनीम असते, दोघी बहिणी असतात वरच्या बागेतल्या. स्वेलमची बायको असते."

"स्वेलमची!"

"तिथे त्याने तिचंही पाऊल बघितलं असणार. म्हणून तर तोंड शिवलं त्याने."

मग मी विचारू नये ते विचारलं. मागच्या जानेवारीत पथक आलं तेव्हा?

ती बराच वेळ मळत राहिली. पीठ कधीच झालं होतं.

"तेव्हा मी टाक्यात उतरले होते, गाळ काढायला. वरून आवाज आला. चौघं होते. लाल टोपीवाला खोकत होता. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तूच म्हणाला होतास ना, कॅमेरा दिसला की आडोशाला. मी कपारीत सरकले. पाण्यात होते, कमरेपर्यंत. ते दोन तास फिरले. मी दोन तास उभी होते. उम्म गनीम लाकडांमागे होती. एक जण टाक्याच्या काठावरून ओरडला, 'कुणी आहे का?' तीनदा ओरडला, चांगल्या आवाजात. मी गप्प राहिले."

त्यानंतर ती महिनाभर आजारी होती. मला आठवतं. मी तेव्हा पथकाविरुद्धचा पहिला अर्ज लिहीत होतो.

२६ डिसेंबर, सोमवार

पथक खोटारडं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं.

आणखी काही लिहवत नाही.

२८ डिसेंबर, बुधवार

हरकतीचा अर्ज आणि ते पाच फोटो देऊन आलो. माझा हात उंचावलेला फोटो दिला नाही. कारकुनाने पावलांचा फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. "हा पुरावा आहे," म्हणाला. "पण पावलांना नाव नसतं, उस्ताद. साहेब स्वतः येतील, पाच जानेवारीला, गुरुवारी. त्या दिवशी ज्यांची ही पावलं आहेत ती माणसं तिथे काम करताना दिसली तर मी स्वतःच्या हाताने तो शब्द खोडीन. नाही दिसली तर मुदत संपली."

"त्या... त्यांचे फोटो काढणार का?"

"कागदाला फोटो लागतो. बुरखा असला तरी चालेल. पण माणूस हवा." मग हळूच म्हणाला, "आजी आहे माझी, फय्यूमला. तीही कॅमेरा दिसला की पळते." या वेळी चहा प्यायलो.

घरी येऊन सबीहाला सांगितलं, गुरुवारी तुला यायचंय.

"यायचंय?" ती म्हणाली.

मला कळलं नाही. ती वाट बघत राहिली. मग कळलं. पासष्ट वर्षांचा झालो, हा वाक्प्रयोग मला जमत नाही. तरी म्हटलं, "सबीहा, येशील का?"

"एका अटीवर. तू बैठकीत दोनदा खोटारडे म्हणालास. ते परत घे. आणि मी का लपले ते सांग. माझं नाव घेऊन नाही, तुझं नाव घेऊन."

"लोक काय म्हणतील?"

"तेच. 'उस्ताद इतैवीने आपलीच बाग आपल्याच तोंडाने ओसाड केली.' म्हणू देत. तू त्यांचा शब्द घेतलास. तूच परत देऊ शकतोस. मी दिला असता तर केव्हाच दिला असता." चुलीत काटकी सरकवली. "आणि उम्म गनीमला तिचा नवरा पाठवणार नाही. स्वेलम पाठवील, पण तोंड लपवून बसेल. शब्द सुटल्याशिवाय एकही येणार नाही, आणि मी एकटी तिथे उभी राहून तेवीस बागा कशा दाखवू?"

२९ डिसेंबर, गुरुवार

ती पहाटे निघाली तेव्हा मीही निघालो. बाभळीपाशी तिने थैली काढली, तिची स्वतःची. आत करवत, दोरी, साखरेचा डबा, एक घोंगडी. घोंगडी माझ्या अंगावर टाकली. गुडघ्यांमुळे मी दर वळणावर बसत होतो, ती डावा पाय ओढत पुढे जाऊन थांबत होती.

टाक्यावर पुन्हा बर्फ धरला होता. मी कपारीत उतरून उभा राहिलो. पाणी कमरेला लागलं. पाच मिनिटंही झाली नसतील. ओरडलो नाही असं म्हणता येणार नाही.

"ये वर," ती म्हणाली. "तुला सर्दी झाली तर शुक्रवारी बोलणार कोण?"

मग तिने झाडं छाटली आणि मी फांद्या गोळा केल्या. दिवसभरात तिने मला फक्त एक गोष्ट सांगितली, काप तिरका हवा म्हणजे पाणी साठत नाही. हे मला कोणत्याच पुस्तकात मिळालं नव्हतं, किंवा मिळालं असेल तरी मी पान उलटलं असेल.

परतताना विचारलं, त्या माणसाने तीनदा हाक मारली तेव्हा तुझ्या मनात काय आलं?

"ओ द्यावीशी वाटली," ती म्हणाली.

३० डिसेंबर, शुक्रवार

पहाट. चार पानांचं भाषण चुलीत घातलं. सबीहा म्हणाली, छोटं बोल, लोकांना बायकांशी बोलायला वेळ लागणार आहे. पहिलं वाक्य सहा वेळा खोडलं. नमाजानंतर हेच म्हणणार आहे, यात एक शब्द वाढवणार नाही:

"उम्म लोजच्या बागवाल्यांनो, मी पथकाला खोटारडं म्हणालो. ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी तीनदा हाक मारली होती. आपल्या खोऱ्यात त्या दिवशी माणसं होती, दर हिवाळ्यात असतात. ती गप्प राहिली, कारण बारा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडून एक शब्द घेतला होता आणि तुम्ही तो तुमच्या घरात नेऊन दिलात. त्या शब्दाने खोरं निर्जन झालं. ते कुण्या कचेरीने केलं नाही. मी केलं.

तेव्हा तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून तो दिलात. आज तोच हात पुढे करतो. एकेकाने या, हात ठेवा आणि आपला शब्द परत घेऊन जा.

गुरुवारी सकाळी सहा वाजता स्वेलमची पिकअप निघेल. तुमच्या बागेत थंडीत कुणाची पावलं असतात ते तुम्हाला माहीत नसेल तर आज घरी जाऊन विचारा. तिला विचारा, येशील का. ती हो म्हणाली तर तिला घेऊन या, पुढच्या बाकावर बसवा, तुम्ही मागे उभे राहा. ती नाही म्हणाली तर तुम्ही एकटे येऊ नका."